बीडीएस इंटर्नशिपचं एक वर्ष आणि केस पेपरवरचा एक रकाना

मागच्या आठवड्यात राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक मिळाला. 1948 च्या डेंटिस्ट्स अ‍ॅक्टप्रमाणे हा क्रमांक असल्याशिवाय स्वतःच्या नावावर प्रॅक्टिस करता येत नव्हती, म्हणून इंटर्नशिप संपली तरी मनातून ती संपलेली नव्हती. आता संपली. सध्या ज्युनियर्सचे मेसेज येतायत. लॉगबुक (केलेल्या कामाची नोंदवही) कसं भरायचं, पोस्टिंग (एकेका विभागातली पाळी) कुठून सुरू झालेलं बरं, भीती वाटते, असं बरंच काही. प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा सगळं एकदाच लिहिते.

मी बीड जिल्ह्यातली, वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. शिक्षण छत्रपती संभाजीनगरला झालं. फायनल बीडीएसचा, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदवीचा, निकाल ऑगस्ट 2023 मध्ये लागला आणि 21 ऑगस्टला इंटर्नशिप सुरू झाली. त्याच महिन्यात संसदेत नॅशनल डेंटल कमिशनचा कायदा मंजूर झाला होता आणि त्यात प्रॅक्टिसच्या परवान्यासाठी एक्झिट परीक्षेची तरतूद होती. हॉस्टेलवर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. आपल्याला लागू होणार का, कधीपासून, मग नोंदणीचं काय? तुमच्याही कानावर अशा अफवा येतील. त्या व्हॉट्सअ‍ॅपवर मिटत नाहीत, ऑफिसात जाऊन विचारा.

पहिल्याच दिवशी ओरिएंटेशनला कम्युनिटी डेंटिस्ट्रीच्या (सार्वजनिक दंत आरोग्य) सरांनी प्रत्येकाला एक चिठ्ठी दिली. चांगला डेंटिस्ट कोण, ते एका ओळीत लिहायचं, नाव घालायचं नाही. चिठ्ठ्या त्यांनी खोक्यात टाकल्या आणि काही चिठ्ठ्या तिथेच वाचून दाखवल्या. ज्याचा हात हलका तो. ज्याचं निदान चुकत नाही तो. गरज नसताना कॅप लावत नाही तो. ज्याचं क्लिनिक स्वच्छ तो. एकाने लिहिलं होतं, ज्याच्याकडे पेशंट आपल्या आईला पाठवतो तो. मला ते फार आवडलं. माझी चिठ्ठी होती, ज्याच्या इंजेक्शनचं दुखत नाही तो. चार वर्षांत मला सगळ्यात जास्त भीती सुईची वाटलेली होती, माझ्या हातातल्या सुईची.

वर्षाची विभागणी ठरलेली असते. ओरल मेडिसिन (तपासणी आणि निदान) एक महिना, सर्जरी दीड, प्रोस्थो (कवळी, कॅप) दीड, पेरिओ (हिरड्या), कॉन्स (दात भरणं, रूट कॅनॉल), पेडो (लहान मुलांचे दात) आणि ऑर्थो (वाकडे दात सरळ करणं) प्रत्येकी एक, ओरल पॅथॉलॉजी पंधरा दिवस, इलेक्टिव्ह (आपल्या आवडीचा विभाग) पंधरा दिवस आणि ग्रामीण पोस्टिंग तीन महिने. क्रम बॅचप्रमाणे बदलतो. माझी सुरुवात ओरल मेडिसिनने झाली, म्हणजे ओपीडीच्या तोंडावर बसून केस पेपर भरायचे. सकाळी नऊला दार उघडायच्या आधीच व्हरांड्यात माणसं बसलेली असायची. पैठणहून, गेवराईहून, अंबडहून पहाटेच्या एसटीने आलेली. नाव, वय, पत्ता, व्यवसाय, तक्रार, किती दिवसांपासून, तंबाखू, मिसरी. पहिल्या आठवड्यात एका पेपरला वीस मिनिटं लागायची. महिनाअखेरीस सहा-सात मिनिटांत व्हायला लागलं आणि मला आपण तयार झालो असं वाटलं.

व्यवसाय का विचारतात, हा आमचा व्हायव्हाचा, म्हणजे तोंडी परीक्षेचा, हमखास प्रश्न. उत्तर सगळ्यांना तोंडपाठ असतं. शिंपी दातात सुई धरतो आणि सुतार खिळे धरतो, म्हणून पुढच्या दातांना खाचा पडतात. मिठाईच्या, बेकरीच्या कामगारांना कीड जास्त लागते. मी हे परीक्षेत सांगितलं होतं आणि मार्कही मिळाले होते.

21 सप्टेंबरला कॉन्समध्ये गेले. 12 ऑक्टोबर, गुरुवार. गेवराई तालुक्यातली एक बाई आली. पंचवीस-सव्वीस वर्षांची, कडेवर लेकरू. खालची डावी दाढ दुखत होती आणि चार रात्री झोप नव्हती. एक्स-रे काढला, कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचलेली. दाढ मात्र चांगली, मुळं मजबूत, वाचवण्यासारखी. मी तिला म्हटलं, "ताई, दाढ काढायची नाही, वाचवू." तिला ते पटलं. रूट कॅनॉल उघडलं, नस काढली, औषध ठेवलं, वरून कच्चं, तात्पुरतं सिमेंट भरलं. उठताना तिने गालाला हात लावून बघितला आणि हसली. इंजेक्शनचंही दुखलं नव्हतं. पुढची तारीख दिली 26 ऑक्टोबर, दोन आठवड्यांनी, कारण मधल्या सगळ्या अपॉइंटमेंट भरलेल्या होत्या. लॉगबुकमध्ये नोंद केली, त्याच दिवशी सही घेतली. व्यवसायाच्या रकान्यात लिहिलं, मजुरी.

20 तारखेला माझं कॉन्सचं पोस्टिंग संपलं आणि मी प्रोस्थोला गेले. 24 ला दसरा होता. 26 ला ती आली की नाही, हे मी पाहिलं नाही. ते काम आता पुढच्या बॅचकडे होतं.

प्रोस्थोमध्ये मला पैठण तालुक्यातल्या एक आजी मिळाल्या. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या, तोंडात एकही दात नाही, हिरड्या मिसरीने काळ्या पडलेल्या. पूर्ण कवळी करायची होती. आम्ही कवळीला पाच सिटिंगची केस म्हणतो. पहिलं माप, दुसरं माप, बाइट (वरचा-खालचा जबडा कसा मिटतो ते), मेणात दात लावून ट्रायल, मग कवळी बसवायची. फायनलला असताना मी हे पाच टप्पे फक्त वहीत मोजले होते. आजींनी ते पहिल्याच दिवशी वेगळ्या तऱ्हेने मोजले. त्यांना ज्येष्ठ नागरिक म्हणून एसटी फुकट, सुनेला महिलांचं अर्धं तिकीट. "पैशाचं काही नाही माय," त्या म्हणाल्या, "पण ही माझ्यासंगं आली की तिची रोजंदारी बुडती." पाच सिटिंग म्हणजे सुनेचे पाच रोज.

दुसरं माप घ्यायचं ठरलं आणि मराठवाड्यात एसटी बंद पडल्या. मराठा आरक्षणाचं आंदोलन तापलं होतं, बीडला जाळपोळ झाली होती, आगारांतून गाड्या सुटत नव्हत्या. ओपीडीचा व्हरांडा इतका रिकामा मी कधी पाहिला नव्हता. खुर्च्या, डॉक्टर, औषधं सगळं जागेवर होतं, फक्त माणसं येऊ शकत नव्हती. आजींच्या सुनेला मी फोन केला आणि गाड्या सुरू झाल्या की कळवा म्हटलं. तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली, ती तुम्हीही लावून घ्या. तारीख देण्याआधी परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे, हे विचारायचं आणि केस पेपरच्या कोपऱ्यात लिहून ठेवायचं. आजींची साडेतीनची होती. दोननंतरची वेळ त्यांना देण्यात अर्थच नव्हता. लॅबमधून काम आलंय याची खात्री झाल्याशिवाय त्यांना बोलवायचं नाही, हेही ठरवलं. एकदा लॅबने उद्या सांगून परवा दिलं, पण त्याचा हेलपाटा त्यांना पडला नाही.

ट्रायलच्या दिवशी मेणात लावलेले दात तोंडात घालून आजींच्या हातात आरसा दिला. दातांची ठेवण बरोबर आहे का हे बघायला आम्ही स-स चे शब्द म्हणायला लावतो. मी म्हटलं, "आजी, सासूबाई म्हणा." त्यांनी सुनेकडे बघितलं आणि दोघी इतक्या हसल्या की मेण निघून येईल अशी मला धास्ती वाटली. मग आरशात नीट बघून म्हणाल्या, "लै पांढरे हाईत. शेजारच्या बाया म्हणतील म्हातारीला काय झालं." मी एक छटा गडद घेतली. पुस्तकात शेड निवडण्याचा आख्खा धडा आहे. त्यात त्वचेचा रंग आहे, वय आहे. शेजारच्या बाया आजींनी सांगितल्या.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कवळी बसवली. आजींचा एकच प्रश्न होता, "भाकरी कधी?" आधी मऊ भात, वरण, दुधात कुस्करलेलं, मग हळूहळू भाकरी, असं सांगितलं. चौथ्या दिवशी फोन आला की डाव्या बाजूला लागतंय. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. दुखतंय म्हणून पेशंट कवळी काढून ठेवतात आणि तशीच पिशवीत घालून आणतात. तोवर फोड बसलेला असतो आणि कुठे घासायचं ते कळत नाही. येण्याच्या दिवशी सकाळपासून कवळी घालूनच यायला सांगा. आजी घालून आल्या होत्या. फोडावर जांभळ्या पेन्सिलीने खूण केली, कवळी बसवून काढली, खूण कवळीच्या आतल्या कडेवर उमटली. तेवढीच कड घासली. दहा मिनिटांचं काम. आजी आणि सून साडेअकराला बाहेर पडल्या आणि सुनेने अर्धा दिवस वाचला म्हणून सांगितलं.

सर्जरीबद्दल फार लिहीत नाही. सगळ्यांना तिचीच भीती असते आणि ती पहिल्या पंधरा दिवसांत जाते. मूळ तुटतं. माझं तिसऱ्याच दिवशी तुटलं. तुटलं की लगेच सीनियरला हाक मारा आणि पेशंटला खरं सांगा. डोळ्याच्या दाताचं इंजेक्शन दिलं की नजर जाते, हे मात्र रोज ऐकायला मिळेल. त्यावर चिडू नका. एका काकांना मी चिडून उत्तर दिलं आणि ते खुर्चीवरून उठून निघून गेले. त्यांचा सुजलेला गाल अजून डोळ्यांसमोर येतो.

पेरिओ, पेडो ठीक गेले. ऑर्थोत असताना, एप्रिलमध्ये, गुढीपाडव्यानंतरच्या आठवड्यात सर्जरीतून मैत्रिणीचा फोन आला. "तुझं नाव असलेला जुना पेपर घेऊन एक पेशंट आलीय. ये जरा."

गेवराईची ती बाई होती. ऊन लागून रंग रापलेला, गाल सुजलेला. दाढेचा अर्धा भाग तुटून गेला होता आणि फट हिरडीच्या खाली मुळापर्यंत गेली होती. वाचवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. मी विचारलं, "ताई, तारखेला का नाही आलात?" ती म्हणाली, "दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी ऊसतोडीची टोळी निघाली. उचल घेतलेली. मुकादम थांबतंय व्हय?" कारखाना पार कोल्हापूरकडे होता. सिमेंट महिन्याभरात पडलं. मग लवंग ठेवायची, मिसरी दाबायची, गोळी घ्यायची आणि पहाटे तीनला फडात जायचं. दाढ कधी तुटली हेही तिला सांगता आलं नाही. एवढं सांगून ती मलाच म्हणाली, "आमचंच चुकलं बाई. तुम्ही तारीख दिली व्हती."

25 ऑक्टोबरला टोळी निघाली होती. मी दिलेली तारीख 26 होती.

सर्जरीच्या मॅडमनी जुना पेपर हातात घेतला आणि व्यवसायाच्या रकान्यावर बोट ठेवलं. "मजुरी. कसली मजुरी?" आवाज चढवला नव्हता. मला उत्तर देता आलं नाही. मी बीड जिल्ह्यात वाढले. माझ्या वर्गातली कितीतरी मुलं दिवाळीनंतर दिसायची नाहीत, त्यांची दप्तरं आजीआजोबांच्या घरी खुंटीला असायची. वडील दरवर्षी हंगामी वसतिगृहाच्या याद्या करायचे आणि मी त्या याद्यांवर रेघा आखून द्यायचे. गेवराई तालुका, ऑक्टोबर महिना, मजुरी. माझ्याइतकं हे कुणाला कळायला हवं होतं? एक प्रश्न विचारला असता तर त्याच दिवशी पीजीला (पदव्युत्तर शिकणाऱ्या सीनियरला) बोलावून एकाच सिटिंगमध्ये रूट कॅनॉल पूर्ण करता आलं असतं. नाहीतर दोन तारखा दसऱ्याच्या आत बसवायला सरांना विनंती करता आली असती. तेही जमलं नसतं, तर निदान सहा महिने टिकेल असं पक्कं सिमेंट भरून, काय होऊ शकतं ते तिला नीट सांगता आलं असतं. दाढ काढायची की ठेवायची, मग तिने ठरवलं असतं. ठरवण्यासाठी लागणारी माहिती तिच्याकडेही होती आणि माझ्याकडेही होती. आम्ही ती एकमेकींना दिली नाही, आणि विचारणं माझं काम होतं.

दाढ मीच काढली. मॅडम शेजारी उभ्या होत्या. हात थरथरला नाही, तिला दुखलंही नाही. माझ्या चिठ्ठीप्रमाणे मी त्या दिवशी चांगली डेंटिस्ट होते. ती गेल्यावर हॉस्टेलवर येऊन खूप रडले.

रूममेट उदगीरची. तिला हे सगळं सांगितलं तर तिचं म्हणणं वेगळं पडलं. "तू प्रत्येकाला टोळी कधी निघते, गाडी कधी आहे हे विचारत बसलीस, तर बाहेर बसलेल्या साठ माणसांचं काय? त्यांचीही गाडी आहे." तिच्या मते चांगला डेंटिस्ट तो, ज्याचा हात भरभर चालतो. तिचंही खोटं नाही. तिचा स्वतःचा हात भरभर चालतो आणि तिच्यामुळे कितीतरी लोक जेवणाच्या आत मोकळे झाले आहेत. आमचा वाद रात्री एकपर्यंत चालला आणि मिटला नाही. पण मी नंतर मोजलं. दोन प्रश्नांना एक मिनिटही लागत नाही.

ग्रामीण पोस्टिंग मे महिन्याच्या 20 तारखेपासून. भर उन्हाळा, पत्र्याची खोली, वीज जाऊन-येऊन. पाण्याच्या दोन बाटल्या आणि टॉर्च जवळ ठेवा. जूनमध्ये शाळा भरल्या आणि तपासणी सुरू झाली. तोंड किती उघडतं हे आम्ही पेशंटच्याच बोटांनी मोजतो, तीन बोटं उभी आत गेली पाहिजेत. नववीतल्या एका मुलाची दोनच जात होती. राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे आणि त्याच्या खिशात पुडी होती. मी भाषण सुरू करणार, तेवढ्यात परभणीच्या मित्राने मला थांबवलं आणि मुलाला शांतपणे विचारलं, "तिखट लागतं का रे तोंडाला?" मुलगा म्हणाला, हो, भाजी धुऊन खातो. मग तो आपणहून बोलायला लागला. कधीपासून खातो, कुणाबरोबर, कुठून घेतो. त्या मित्राची चिठ्ठी कोणती होती, मला माहीत नाही. त्या दिवशी मी त्याच्याकडून शिकले.

20 ऑगस्ट 2024 ला वर्ष संपलं आणि मग कागदांचे दिवस आले. नो ड्यूजसाठी प्रत्येक विभाग, ग्रंथालय, हॉस्टेल, अकाउंट्स. मला नऊ दिवस लागले, कारण एका विभागातली माझी एक सही राहिली होती आणि ते सर रजेवर होते. सही त्या दिवशीची त्याच दिवशी घ्या, हे मी स्वतःसाठी कळवळून लिहितेय. रजा मंजूर रजेपेक्षा जास्त झाल्या तर तेवढे दिवस पुढे भरून द्यावे लागतात, त्यामुळे हजेरीचा हिशेब दर महिन्याला बघा. इंटर्नशिप पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र मिळालं की त्याचे आणि नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाच्या गुणपत्रिकांचे स्कॅन एकदमच करून ठेवा. झेरॉक्स, फोटो, येणं-जाणं मिळून माझे हजाराच्या आतबाहेर गेले, नोंदणीची फी वेगळी. नावाचं स्पेलिंग दहावीच्या प्रमाणपत्रापासून शेवटच्या कागदापर्यंत एकच आहे ना, हे आजच तपासा. आमच्या बॅचमधल्या दोघांचे अर्ज एका अक्षरासाठी परत आले. स्टायपेंड उशिरा येतो, त्याच्या भरवशावर कुठला हप्ता ठेवू नका.

निरोपाच्या दिवशी सरांनी ते खोकं आणलं आणि चिठ्ठ्या परत वाटल्या. ज्याची त्याने ओळखून घ्यायची. हवी तर मागच्या बाजूला नवी ओळ लिहायची. कुणी लिहिलं, नाही म्हणू शकतो तो. कुणी काहीच लिहिलं नाही. आईला पाठवतो वाली चिठ्ठी रूममेटची निघाली, मला वर्षभर माहीत नव्हतं. तिने तीच ओळ पुन्हा अधोरेखित केली. मी मागे लिहिलं, पुढची तारीख पेशंटला विचारून देतो तो.

सध्या बीडला एका क्लिनिकमध्ये मदतनीस म्हणून काम करते. गेवराईच्या बाईला एप्रिलमध्ये सांगितलं होतं की जखम भरल्यावर त्या जागी काढता-घालता येणारा दात बसवता येईल, कमी खर्चात, दोन खेपांत. पोळ्यानंतर येते म्हणाली होती. पोळा 2 सप्टेंबरला झाला. ती आली नाही आणि नंबर बंद लागायचा. काल रात्री लागला. सासूने उचलला. यंदाही टोळी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी निघतेय म्हणाली. दसरा 12 ऑक्टोबरला आहे. क्लिनिकच्या डॉक्टरांना विचारून मी 1 आणि 8 ऑक्टोबरच्या वेळा दिल्यात, दोन्ही मंगळवार, सकाळी साडेदहा. नव्या दाताची कड हिरडीला लागली तर म्हणून 9 आणि 10 तारीख मोकळी ठेवलीय.